प्रॉपर्टी एजंट म्हणून नवीन आहे, व्यवहार सारखे फिसकटतात. सकारात्मक कसं राहू?

तुम्ही लिहिलंय, काम सुरू करून ४ महिने झाले, अजून एकही व्यवहार तडीस गेला नाही, दोन टोकनपर्यंत येऊन फिसकटले, आता सकाळी फोन हातात घ्यावासा वाटत नाही, आणि घरचे म्हणतात, "नुसती घरं दाखवायची, त्यात एवढं खचायचं काय?" प्रश्न सकारात्मक राहण्याचा आहे, पण मी लिहायला बसले ते घरच्यांच्या या वाक्यामुळे. हे वाक्य मी ऐकलेलं आहे.

मी २०१८ पासून पुण्यात सिंहगड रोडला हे काम करते. धायरी, नऱ्हे, वडगाव, आनंदनगर, माणिकबाग. रीसेल आणि भाडं. तुमची रेरा (घरांच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी, परीक्षा, पोर्टलवर फोटो टाकणं वगैरे झालेलं आहे असं धरते.

२०१९ चा उन्हाळा. माझा विक्रीचा पहिला व्यवहार जमत आला होता. धायरीत तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, मालकीणबाई एकट्या, यजमान गेलेले, मुलगा बंगळुरूला. घेणारं जोडपं तिशीतलं. तो खेड-शिवापूरकडे कंपनीत, ती शाळेत शिकवायची. त्यांना त्याआधी मी ११ फ्लॅट दाखवले होते. रविवारी दुपारी दाखवले, त्याची शिफ्ट सुटल्यावर रात्री साडेआठला दाखवले, एकदा तर लाईट गेलेले असताना मोबाईलच्या उजेडात दाखवले. प्रत्येक दारात ती निळ्या पट्ट्यांच्या चपला काढून ठेवायची, अगदी रिकाम्या, धुळीने भरलेल्या फ्लॅटच्या दारातही. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. या बाराव्या घरात ती सरळ ड्राय बाल्कनीत गेली आणि वॉशिंग मशीन बसेल का ते वितीने मोजलं. मी ओळखलं, घर ठरलं.

४८ लाखांना ठरलं. ५१ हजारांचं टोकन गेलं. माझे दोन्हीकडून १ टक्का, असं बोलणं झालं. कागदावर काही नाही.

पुढचे सात आठवडे मी काय केलं ते सांगते, कारण मुद्दा तिथेच आहे. यजमानांनी घेतलेलं कर्ज २०१४ मध्येच फिटलं होतं, पण मूळ करारनामा बँकेतून कोणी सोडवून आणलाच नव्हता. ती शाखा दरम्यान दुसरीकडे हलली होती. मालकीणबाईंना रिक्षात घालून मी तीनदा बँकेत नेलं. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून यजमानांचं नाव होतं, त्यामुळे मुलाचं हक्कसोडपत्र लागणार होतं. बाईंचं म्हणणं, नॉमिनी मीच आहे, मग अजून काय पाहिजे? नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे त्यांना समजावण्यात दोन संध्याकाळी गेल्या. मुलगा एका शनिवार-रविवारला जोडून आला, त्याच्या तारखा जुळवून दस्त करून घेतला. सोसायटीचे सेक्रेटरी रात्री नऊनंतरच भेटायचे. त्यांच्याकडून कळलं की या फ्लॅटची दोन उन्हाळ्यांची टँकरची वर्गणी थकलेली आहे. धायरीत राहणाऱ्याला टँकर काय ते सांगायला नको. ती थकबाकी मालकीणबाईंकडून भरून घेतली, पावती घेणाऱ्यांना दिली. मग त्यांच्या कर्जाच्या बँकेला लागणारी सगळी कागदपत्रं, जुना इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा, कोणी कोणाकडून घेतलं ते त्यात दिसतं), नोंदणीची पावती, भोगवटापत्र (इमारतीत राहायला परवानगीचा दाखला), सोसायटीची ना-हरकत, एका निळ्या फाईलमध्ये क्रमाने लावून दिली.

आठव्या आठवड्यात त्याचा फोन. "ताई, रद्द करतोय. वडिलांना दक्षिणेचं दार चालत नाही." त्याच संध्याकाळी मालकीणबाई म्हणाल्या, मुलगा म्हणतोय एवढ्यात विकायला नको. मी दोघांनाही धीर दिला. "होतं असं, पुढचं बघू," म्हणाले. निळी फाईल त्याच्याकडेच राहिली, ती मागायचं मला सुचलंही नाही.

ऑगस्टमध्ये त्याच मजल्यावरचा समोरचा फ्लॅट आला. मी नवी पार्टी घेऊन जिना चढले आणि डावीकडच्या दारावर नवी नावाची पाटी. स्क्रू अजून चकाकत होते. दाराला तोरण. आणि उंबऱ्याबाहेर निळ्या पट्ट्यांच्या चपला.

माझ्या हातात समोरच्या घराची किल्ली होती, मागे पार्टी उभी होती. मी कुलूप उघडलं आणि घर दाखवलं. किचन, दोन्ही बेडरूम, गीझरचा पॉइंट, पार्किंग कुठलं, सगळं. माझा आवाज बदलला नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो. रात्री नोंदणी विभागाच्या साईटवर इंडेक्स टू काढला. "रद्द करतोय" म्हणाल्याच्या बरोबर दहाव्या दिवशी दस्त झाला होता.

दोन्हीकडचे मिळून ९६ हजार गेले. तेव्हा माझी वर्षभराची कमाई तेवढी नव्हती. पण मी खचले ती त्या दिवशी नाही.

त्या वर्षी गणपतीला थोरल्या दिरांकडे सगळे जमलो होतो. स्वयंपाकघरात मोदक करताना जाऊबाईंना मी हे सांगत होते. बाहेरून भाऊजींनी ऐकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दार उघडून दाखवायचे ९६ हजार? मग लोक परस्परच जाणार. मीही तेच केलं असतं." कोणी काही बोललं नाही. माझे यजमानही बोलले नाहीत, आणि मीही बोलले नाही. पुढचे कितीतरी दिवस मला एकच प्रश्न छळत होता, की मी तिथल्या तिथे उत्तर का दिलं नाही?

उत्तर शोधायला बरेच महिने लागले. कारण मनातून मलाही अर्धंमुर्धं तसंच वाटत होतं. ब्रोकरेजचा विषय निघाला की माझाच आवाज खाली यायचा. "ते काय, नंतर बघू, तुमच्या मनाने द्या," हे मी स्वतः म्हणायचे. जिला स्वतःलाच आपली दलाली म्हणजे दान वाटते, तिची दलाली बुडवताना समोरच्याला तरी पाप का वाटावं?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सकारात्मक राहणं हे या दुखण्यावरचं औषध नव्हे. ते सेमिनार, आरशासमोर वाक्यं म्हणणं, सकाळी पाचला उठणाऱ्यांचे ग्रुप, यावर एक रुपया घालवू नका. लोकांनी व्यवहार मोडला म्हणून माणूस या धंद्यात मोडत नाही. आपण जे करतो ते खरंच काम आहे का, ही शंका आत बसलेली असते, आणि प्रत्येक फिसकटलेला व्यवहार तिला खतपाणी घालतो. ती शंका आधी काढा.

मी काय केलं? एका पानाचं पत्र छापून घेतलं. कुठला फ्लॅट, कुठल्या तारखेला दाखवला, माझा आकार किती टक्के, आणि तो करारनाम्याची नोंदणी होईल त्याच दिवशी, सब-रजिस्ट्रार कचेरीतून निघायच्या आत, चेकने. मालकाची सही, घेणाऱ्याची सही. सही झाल्याशिवाय मालकाचा नंबर द्यायचा नाही, आणि घर दाखवून आल्यावर त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर तारखेसह मेसेज. पहिल्या महिन्यात दहातले चार जण पत्र बघून निघून गेले. खुशाल जाऊ दिले. ते चौघं मला पुढे आठ-आठ आठवडे पळवून परस्परच गेले असते.

आणि आकडे मनाच्या अवस्थेवर हलतात असं समजू नका. सप्टेंबर २०२० ते डिसेंबरअखेर सरकारने मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं, नंतर मार्चपर्यंत २ टक्क्यांनी. त्या सात महिन्यांत माझे ३ विक्रीचे व्यवहार झाले. मी त्या दिवसांत काही फार आनंदी नव्हते. टाळेबंदीत घरात आजारपण होतं, मी रडकुंडीला आलेली असायचे. पण माझ्या वहीत घर बघणाऱ्या ६० जणांची यादी होती आणि शुल्क कमी झाल्याची बातमी आली त्या संध्याकाळी मी फोन लावायला घेतले. मन कसंही असलं तरी यादी तयार पाहिजे.

भाऊजींचं पुढे सांगते, कारण ते राहिलं तर हे उत्तर पूर्ण होणार नाही. २०२२ मध्ये त्यांनी पानशेतच्या रस्त्याला २ गुंठे जागा घेतली. "मधला माणूस नको" म्हणून थेट मालकाशी बोलून, नोटरीच्या कागदावर. वर्षभराने एका प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन माझ्याकडे आले. सातबारा सामाईक, त्यावर ९ नावं. पैसे घेणारा त्यातला फक्त एक. वाटप झालेलं नाही, हद्द नाही, बिनशेती नाही, आणि तलाठ्याकडे फेरफार (सातबाऱ्यावर नावाचा बदल) धरायला नोंदवलेला दस्तच नाही. मी दीड तास बसून एकेक ओळ वाचून दाखवली, वकिलाकडे काय न्यायचं ते लिहून दिलं. हे सगळं मला विसार देण्याआधी दहा मिनिटांत सांगता आलं असतं. दार उघडण्याआधी ते दार नक्की कोणाचं आहे हे बघावं लागतं, भाऊजी. ते काम आहे. त्याचे पैसे असतात.

त्या दिवशी मी त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत. ती माझी चूक झाली असं मला अजून वाटतं. घरच्यांचं काम स्वस्तात करा हवं तर, पण फुकट करू नका. फुकट केलं की ते त्यांच्या लेखी काम राहतच नाही. त्यांनी चहा घेतला, "नशीब वाईट" म्हणाले आणि पिशवी उचलून गेले. २०१९ च्या त्या वाक्याबद्दल आजवर एक शब्द नाही. पुढे २०२३ मध्ये माझी पाच वर्षांची रेरा नोंदणी संपत आली, तेव्हा ती नवी परीक्षा मी ४४ व्या वर्षी दिली, पहिल्याच वेळी पास झाले. ते प्रमाणपत्र टेबलामागच्या भिंतीवर लावलंय, येणाऱ्याच्या नजरेसमोर येईल असं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. मला हे जमलं कारण यजमानांचा पगार होता. पहिले १४ महिने मी फक्त भाड्याच्या व्यवहारांवर काढले. तुमच्या डोक्यावर हप्ते असतील आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर एवढ्यात नोकरी सोडू नका, सोडली असेल तर भाड्याची कामं कमी लेखू नका. एक महिन्याच्या भाड्याएवढी दलाली, पोलिस पडताळणी आणि करार करून दिलात की अकरा महिन्यांनी तेच घर पुन्हा तुमच्याकडे येतं. आणि सगळेच लोक बुडवत नाहीत; माझ्याकडे नंतर आलेल्यांपैकी बहुतेकांनी ठरलेले पैसे ठरलेल्या दिवशी दिले. शिवाय खरंच फक्त दार उघडणारे एजंटही आहेत, कागद न बघता दोन टक्के मागणारे. लोकांच्या तोंडी ते वाक्य त्यांनीच घातलंय. आणि त्या एका पानाच्या पत्रावर ४८ हजारांसाठी कोणी कोर्टात जात नाही, मीही गेले नाही. पत्राचा उपयोग एवढाच की सही केलेल्या माणसाला परस्पर जाणं जड जातं.

तुमच्याबद्दल सांगायचं तर तुम्ही दोन व्यवहार फिसकटले एवढंच लिहिलंय, कशामुळे ते लिहिलं नाही. कर्ज नामंजूर झालं असेल तर यापुढे टोकनआधी घेणाऱ्याची कर्जमंजुरी बघा. कागदात अडकलं असेल तर फ्लॅट यादीत घेण्याआधी मालकाकडून मूळ कागद समोर मांडून घ्या. आणि "घरच्यांना दिशा पटत नाही" असलं काही कारण दिलं असेल तर दोन महिने जाऊ द्या आणि इंडेक्स टू काढून बघा. पाटी दिसण्याआधी कागदावर दिसलेलं बरं.

सकाळच्या फोनचं माझ्याकडे एवढंच आहे: मी अकराच्या आधी फोन करत नाही आणि पहिला फोन नव्या माणसाला करत नाही. आधी ज्यांचं काम झालंय अशा एखाद्या मालकाला करते, भाडेकरू नीट आहे का, पाणी येतंय का. मग नव्यांना. पितृपंधरवड्यात टोकन कोणी देत नाही, तेव्हा त्या दिवसांत फोन न आल्याने घाबरू नका. तेवढ्यात वही उघडून जुन्या यादीतल्या प्रत्येकाच्या नावापुढे लिहा, घर घेतलं की अजून शोधतोय. घटस्थापनेला त्या "अजून शोधतोय" पासून सुरुवात करा, आणि पत्राच्या २० प्रती छापून बॅगेत ठेवा.