पातं, पोलाद आणि पाणी : वाचकांचे प्रश्न

सुरी, विळी, कोयता, कलमाचा चाकू अशा धारदार वस्तूंविषयी प्रश्न मागवले होते. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच तक्रार आहे, की नवी सुरी चार दिवसांत बोथट होते. तिथूनच सुरुवात करू.

प्रश्न : ‘हाय कार्बन स्टेनलेस स्टील’ असं पात्यावर कोरलेली सुरी घेतली. आठवड्याभरात ती टोमॅटोची साल कापेनाशी झाली. सासूबाईंची जुनी लोखंडी विळी मात्र महिनोन् महिने चालते. मी फसले का?
– गृहिणी, ठाणे

उत्तर : फसलात असं म्हणता येणार नाही, पण त्या कोरलेल्या शब्दांवर विसंबण्यात अर्थ नाही. ‘हाय कार्बन’ म्हणायला किमान किती कार्बन हवा, याचं बंधन दुकानदार पाळत नाहीत. ०.३ टक्के कार्बनच्या पात्यावरही ते शब्द दिसतात आणि १ टक्का कार्बनच्या पात्यावरही.

पोलाद कडक होतं ते कार्बनमुळे आणि पाणी दिल्यामुळे, म्हणजे लालबुंद करून झटकन थंड केल्यामुळे. स्टेनलेसमध्ये गंज अडवायला निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. गोम अशी, की कार्बन आणि क्रोमियम एकमेकांना धरून बसतात. कार्बन वाढवला तर तो क्रोमियम अडकवून ठेवतो आणि गंज अडवायला क्रोमियम कमी पडतं. म्हणून स्वस्त सुऱ्यांत सोपा मार्ग धरतात : ४२० जातीचं पोलाद, कार्बन सुमारे ०.३ टक्के, क्रोमियम १३ टक्के. ते गंजत नाही, सहसा तुटत नाही, पण कठीणपणा मोजायच्या रॉकवेल मापावर ५०-५३ च्या पुढे क्वचित जातं. तुमच्या सासूबाईंची विळी गाडीच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्याची असेल तर तिच्यात ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो आणि नीट पाणी दिलेलं असेल तर ती ५५-५७ ला सहज बसते. धार टिकण्यातला फरक इथून येतो.

ही तक्रार स्टेनलेसइतकीच जुनी आहे. १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं आणि ते सुऱ्यांसाठी सुचवलं, तेव्हा तिथल्या कारागिरांनी त्यांना ‘न कापणाऱ्या सुऱ्या करणारा’ म्हणून हिणवलं होतं. पुढे पाणी देण्याचं तंत्र सुधारलं, पण स्वस्त मालात ते अजूनही उरकूनच टाकतात.

घेताना तीन गोष्टी बघा. लोहचुंबक नेऊन लावा. जवळजवळ चिकटलाच नाही तर ते भांड्यांचं ३०४ जातीचं स्टील, त्याला पाणी चढतच नाही. चिकटला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, कारण ४३० जातीलाही चुंबक चिकटतो आणि तीही कडक होत नाही. दुसरं, पात्यावर जातीचा क्रमांक किंवा रॉकवेलचा आकडा दिलाय का ते पाहा. जर्मन पद्धतीच्या चांगल्या सुऱ्यांवर X५०CrMoV१५ या अर्थाची खूण असते : अर्धा टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम, कठीणपणा ५५-५७. घरातल्या रोजच्या कामाला आमची पसंती हिलाच. तिसरं, घरी आणल्यावर मुठीजवळ, जिथे दिसणार नाही तिथे बारीक कानस फिरवा. ती लोण्यात घुसल्यासारखी घुसली तर पातं मऊ आहे, दुकानात परत द्या.

प्रश्न : आम्ही ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून ऊसतोडीचे कोयते करतो. लाल करून पाण्यात बुडवले की दहांत दोन-तीन तडकतात. उरलेल्यांपैकी काहींची धार शेतात खांडते. आमचे आजोबा पाण्यातच बुडवायचे, त्यांचे कोयते तडकत नसत.
– लोहारकाम करणारे वाचक, केज

उत्तर : आजोबांच्या हातात पोलाद वेगळं होतं आणि त्यांची रीतही बहुधा वेगळी होती. साध्या कार्बन पोलादाला पाणी चालतं. ट्रकच्या पाट्यात मॅंगनीज असतं, शिवाय क्रोमियम किंवा दीड-दोन टक्के सिलिकॉन. अशा पोलादाला थंड व्हायला एवढी घाई लागत नाही. ते तेलातही पूर्ण कडक होतं आणि पाण्यात गेलं की आतबाहेरच्या ओढाताणीने चिरतं. त्यात जुने लोहार अख्खं पातं न बुडवता धारेकडची बोटभर पट्टीच पाण्यात धरत. पाठीत उरलेला ताप मग हळूहळू धारेकडे येई आणि ठिसूळपणा आपोआप कमी होई.

आधी माल तपासा. जुना पाटा लाखो वेळा वाकलेला असतो, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. पाटा घासून स्वच्छ करा, रॉकेलचा बोळा फिरवा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर तिच्यात मुरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. मधल्या बोल्टच्या भोकाजवळ ती हमखास सापडते. तेवढा तुकडा टाकूनच द्या.

ठोकताना रंग नारिंगी-पिवळसर ठेवा. पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या की पोलाद जळलं, ते पुन्हा सुधारत नाही. उलट, मंद लाल झाल्यावरही ठोकत राहिलात तर आत चिरा पडतात. घडण झाली की पातं लाल-नारिंगी करून वाऱ्याच्या झोताबाहेर नुसतं हवेत निवू द्या. असं तीन वेळा करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर तेलाला दोष देतात. ठोकण्याने पोलादाचे दाणे मोठे आणि वेडेवाकडे झालेले असतात, ते या तीन फेऱ्यांत बारीक होतात.

पाणी देण्याआधी धार काढू नका. कड दीड मिलिमीटर जाड राहू द्या, पातळ कड आधी थंड होते आणि तिथेच चिरते. भट्टी अंधाऱ्या जागी हवी, उन्हात रंग फसवतो. पातं तापत असताना त्याला लोहचुंबक लावून पाहत राहा. साधारण ७७० अंशांना चुंबक धरायचा सोडतो. त्यापुढे रंग एक छटा उजळ होऊ द्या, म्हणजे ८३०-८५० अंश. पाठ आणि धार एकाच रंगाची दिसली पाहिजे.

तेल शेंगदाण्याचं किंवा करडईचं चालेल. पाच-सहा लिटर तरी हवं आणि ते ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेलं हवं. कोमट तेल पातळ असतं, पात्याभोवती लवकर फिरतं, म्हणून थंड तेलापेक्षा ते जास्त चांगलं काम करतं. इंजिनचं जळकं तेल वापरू नका, त्याचा धूर छातीला वाईट. पातं धारेच्या दिशेने आत घाला आणि पुढे-मागे हलवा. आडवं हलवलंत तर एक बाजू आधी निवते आणि पातं केळ्यासारखं वाकतं. भांड्यावर टाकायला पत्र्याचं झाकण हाताशी ठेवा, तेल पेट घेऊ शकतं. बाहेर काढल्यावर धारेवर कानस घसरली पाहिजे. पकडली तर ताप कमी पडला होता.

आता पातं काचेसारखं ठिसूळ आहे. तासाभराच्या आत पाणी उतरवायलाच हवं, म्हणजे पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी करायला हवा. उद्यावर ढकललंत तर ते रात्री आपणहून ‘टिंग’ करून तडकू शकतं. एक बाजू दगडाने घासून चकचकीत करा आणि जाड लोखंडी सळई लाल करून तिच्यावर पाठ टेका. पाठीकडून धारेकडे रंग सरकताना दिसतील : आधी फिकट सोनेरी, मग तपकिरी, जांभळा, निळा. सुरीसाठी सोनेरीवर थांबतात. ऊसाचा कोयता मुळाशी लागून मातीत, दगडात जातो, म्हणून धारेवर तपकिरीत जांभळ्याची झाक येईपर्यंत थांबा आणि मग तेलात बुडवा. तापमान नेमकं राखणारी भट्टी असेल तर २५० अंशांवर एकेक तास, दोनदा. धार एका बाजूला २५ अंशांहून निमुळती करू नका. तुमची धार खांडते त्यामागे बहुधा ही दोन्ही कारणं आहेत : पाणी उतरवलेलं नाही आणि कड फार बारीक.

प्रश्न : परदेशातून व्हीजी-१० पोलादाची जपानी सुरी भेट आली. महिन्यात धारेला बारीक बारीक खांडं पडली. सुरी खोटी आहे का?
– वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : खोटी असती तर धार वाकली असती, खांडली नसती. व्हीजी-१० मध्ये सुमारे १ टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम आणि दीड टक्का कोबाल्ट असतं, कठीणपणा ६० च्या आसपास. एवढं कडक पातं पातळ धारेला मासा, भाजी, फळं यांसाठी अप्रतिम. पण करवंटी, चिंबोरीची नांगी, मटणाचं हाड, फ्रीजरमधून नुकतीच काढलेली सुरमई यांच्यावर ते चालवायचं नाही. काचेचा किंवा ग्रॅनाइटचा पाट वापरत असाल तर आजच बदला. आणखी एक सवय मोडा : कापलेला कांदा धारेने खरडून कढईत लोटायची. त्यासाठी सुरी उलटी करून पाठ वापरा. खांडं अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान असतील तर १००० नंबरच्या पाण्याच्या दगडावर ती निघून जातात. शेवटचे चार-पाच हात किंचित उभ्या कोनात, २० अंशांवर मारा, म्हणजे पुन्हा खांडणार नाही. लोखंडी सळीवर ही सुरी घासू नका, ती सळी मऊ सुऱ्यांची वाकलेली धार सरळ करण्यासाठी असते.

प्रश्न : हॅक्सॉ ब्लेडची सुरी करता येते का?
– आयटीआयचा विद्यार्थी, जळगाव

उत्तर : हातकरवतीच्या ब्लेडची नाही. त्यात बहुधा दात तेवढे कडक असतात, बाकी पट्टी लवचीक. मशीनवर चालणारं जाड, अख्ख्या हायस्पीड स्टीलचं ब्लेड मिळालं तर उत्तम सुरी होते. या स्टीलच्या एम-२ जातीत ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम आणि २ टक्के व्हॅनेडियम असतं. त्याला पाणी द्यायला १२०० अंश लागतात, तेव्हा भट्टीच्या नादी लागू नका. आहे ते पाणी ५०० अंशांपर्यंत उतरत नाही, म्हणून फक्त ग्राइंडरने आकार द्या. साधं ड्रिल त्यात शिरणार नाही, कार्बाइडचं घ्या. फरशीवर पडली तर मोडते आणि ओली ठेवली तर गंजते.

प्रश्न : धारवाल्याकडून विळीला धार लावून आणली. धारेवर निळसर डाग आले आणि आता ती टिकत नाही. घरी धार लावायची तर कशी?
– वाचक, सांगली

उत्तर : निळा डाग म्हणजे तिथे चाकावर ३०० अंशांच्या आसपास ताप गेला, अगदी टोकाला त्याहूनही जास्त. पाणी उतरलं. डाग घासून चमकवला तरी मऊपणा जात नाही. तो भाग दगडावर सावकाश घासून काढावा लागतो, सहसा अर्धा-एक मिलिमीटर. पुढच्या वेळी धारवाल्याला दर दोन-तीन फेऱ्यांना पातं पाण्यात बुडवायला सांगा.

घरी विळीसाठी दगड हलवा, विळी नाही. कार्बोरंडमच्या दगडाची बारीक बाजू लाकडी ठोकळ्यावर चिकटवून घ्या, म्हणजे बोटं धारेपासून लांब राहतात. सुरी असेल तर दगड स्थिर ठेवा. कोन डोळ्यांनी सापडत नाही, तो मोजा : पातं ४० मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून १० मिलिमीटर उचला, म्हणजे १५ अंश होतात. एका बाजूने इतकं घासा की उलट बाजूला, मुठीपासून टोकापर्यंत, अंगठ्याच्या पेराला सारखी खरखर लागेल. ती बर. मध्येच कुठे खरखर नसेल तर तिथे धार अजून आलेली नाही, बाजू बदलू नका. मग दुसरी बाजू तशीच घासा आणि शेवटी दाब कमी करत एकेक हात आलटून-पालटून. बर उरली तर सुरी पहिल्या दिवशी झकास कापते आणि दुसऱ्या दिवशी बोथट वाटते.

प्रश्न : लोखंडी विळीवर केळफूल, कच्ची केळी काळी पडतात. विळी बदलू का?
– वाचक, म्हापसा, गोवा

उत्तर : नको. त्यांच्यातल्या तुरट द्रव्याची लोखंडाशी गाठ पडली की काळं होतं. पात्याला आणि हाताला खोबरेल तेल लावा, चिरलेलं लगेच ताकाच्या पाण्यात टाका. पात्यावर चढणारा निळसर-काळा थर राहू द्या, तो तांबड्या गंजाला अडवतो. तांबडं दिसलं तर तेवढंच राख आणि नारळाच्या शेंडीने घासा.

प्रश्न : ‘दमास्कस’ नक्षीची सुरी जास्त चांगली कापते का?
– वाचक, नागपूर

उत्तर : कापतं ते मधलं पोलाद. बाजारातल्या ६७ थरांच्या सुरीत मध्ये व्हीजी-१० सारखी एकच पट्टी असते, तिच्या दोन्ही बाजूंना ३३ मऊ थर, तेही शोभेचे. दक्षिण भारतात मुशीत ओतलं जाणारं जुनं पोलाद, ज्याच्या तलवारी दमास्कसच्या नावाने गाजल्या, ते वेगळं. त्यात दीड टक्क्याच्या आसपास कार्बन होता आणि नक्षी थरांची नव्हे, पोलादाच्या आतल्या कणांची होती. स्वस्त सुऱ्यांवर नक्षी नुसती छापलेलीही असते. कोपऱ्यात १००० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, मग तिथे फेरिक क्लोराइडचा थेंब टाका. खरी नक्षी परत उमटते, छापील उमटत नाही.

प्रश्न : हापूसच्या कलमांसाठी चाकू कोणता घ्यावा? स्टेनलेस घेतला तर चालेल का?
– रोपवाटिकाधारक, देवगड

उत्तर : चालेल, पण काप काचेसारखा गुळगुळीत हवा असेल तर ०.८ ते १ टक्का साध्या कार्बनचं, एकाच बाजूने धार असलेलं पातं अजूनही सरस. सपाट बाजू काडीला टेकवली की काप सरळ येतो. दोन्हीकडून धार असलेला चाकू काडीत शिरताना वळतो, काप पोकळ होतो आणि सांधा नीट भरत नाही. सपाट बाजूला दगडावर कधीही कोन देऊ नका, ती आडवीच घासा. झाड बदलताना पातं निर्जंतुक करायला ब्लीचचं पाणी वापरत असाल तर ते थांबवा, त्याने कार्बन पोलाद तासाभरात तांबडं पडतं आणि स्टेनलेसलाही टोचे पडतात. ७० टक्के स्पिरिटने पुसा, कामाच्या शेवटी चीक रॉकेलने काढा आणि तेलाचा हात देऊन ठेवा. कोकणच्या पावसाळी हवेत चामड्याच्या म्यानात चाकू ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं.