परिवलन आणि परिभ्रमण यांत नेमका फरक कोणता?

पृथ्वीविषयी लिहिताना ‘परिवलन’ आणि ‘परिभ्रमण’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का, असे आपण विचारले आहे. चालणार नाहीत. वस्तू ज्या अक्षाभोवती फिरते तो तिच्या आतूनच जात असेल, तर ते परिवलन. ती स्वतःबाहेरच्या एखाद्या वस्तूभोवती फेरी घालत असेल, तर ते परिभ्रमण. बोलताना दोन्हींसाठी आपण ‘फिरणे’ हे एकच क्रियापद वापरतो, त्यामुळे विद्यार्थ्यांकडून त्यांची उलटापालट होते यात नवल नाही.

आरतीनंतर आपण जागच्या जागी स्वतःभोवती फिरतो ते परिवलन आणि गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणा घालतो ते परिभ्रमण, हे उदाहरण बहुतेकांनी ऐकलेले असते. परंतु खरी गंमत त्याच्या पुढे आहे. देव उजव्या हाताला ठेवून पूर्वेकडे तोंड करून निघालेल्या माणसाचे तोंड क्रमाने दक्षिणेकडे, पश्चिमेकडे, उत्तरेकडे आणि शेवटी पुन्हा पूर्वेकडे होते, म्हणजेच एका प्रदक्षिणेत त्याची स्वतःभोवतीही एक फेरी नकळत पूर्ण होते. चंद्राचे हेच आहे. त्याच्या दोन्ही गतींना सुमारे 27.3 दिवसच लागतात, म्हणून त्याची एकच बाजू आपल्याला दिसते आणि ‘चंद्राला परिवलनच नाही’ असा चुकीचा समज होतो.

पृथ्वीचे एक परिवलन 24 तासांत होते, असे आपण शाळेत शिकतो. ताऱ्यांच्या संदर्भात मोजले तर ते 23 तास 56 मिनिटे 4 सेकंदांतच पूर्ण होते. मात्र तेवढ्या वेळात पृथ्वी आपल्या कक्षेत जवळजवळ एक अंश पुढे सरकलेली असल्यामुळे, सूर्य पुन्हा माथ्यावरच्या त्याच रेषेवर येण्यासाठी तिला आणखी सुमारे चार मिनिटे वळावे लागते. म्हणून वर्षाचे दिवस 365 असले, तरी परिवलने 366 होतात. शुक्राच्या बाबतीत तर परिवलनाला सुमारे 243 दिवस आणि परिभ्रमणाला सुमारे 225 दिवस लागतात. तेथे शब्दांची अदलाबदल केल्यास विधानच उलटे होईल.

दिवस-रात्र परिवलनामुळे होतात, हे सरळ आहे. ‘परिभ्रमणामुळे ऋतू होतात’ हे वाक्य मात्र मला अपुरे वाटते, कारण अक्ष सुमारे 23.5 अंशांनी कललेला नसता, तर नुसत्या परिभ्रमणाने आजच्यासारखे ऋतू झाले नसते.

भूस्थिर उपग्रहाविषयी लिहिताना दोन्ही शब्द एकाच वाक्यात लागतात: विषुववृत्तावर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवरून होणाऱ्या त्याच्या एका परिभ्रमणाला पृथ्वीच्या एका परिवलनाइतकाच वेळ लागतो, म्हणून तो आपल्याला आकाशात एकाच जागी दिसतो आणि घरावरची डिश त्याच्यामागे वळवत बसावे लागत नाही.