इलस्ट्रेटर या चित्रं काढण्याच्या प्रोग्राममध्ये फोटो क्रॉप करायचा आहे, पण कात्री आणि सुरी दोन्ही चालत नाहीत. फोटोतला एकच चेहरा गोलात कसा बसवायचा?

तुम्ही लिहिलंय की कात्रीचं टूल घेऊन फोटोच्या कडेवर क्लिक केलं, तर हे टूल पाथवर वापरा असा निरोप आला. सुरी फिरवली तर काहीच झालं नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. शिकायला लागलेला जवळजवळ प्रत्येक जण इथे अडतो, मीही बरेच दिवस अडलो होतो.

कात्री, सुरी, पाथफाइंडर, शेप बिल्डर ही सगळी टूल्स फक्त पाथ ओळखतात, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. फोटो पिक्सेलचा, म्हणजे रंगीत बारीक ठिपक्यांचा असतो. त्याला बिंदू नाहीत, रेषा नाहीत, त्यामुळे कापायला या टूल्सच्या हाती काही लागतच नाही. व्हेक्टर, म्हणजे पाथवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या दृष्टीने फोटो म्हणजे कागदावर ठेवलेली एक अखंड फरशी. म्हणून इथली मूळ पद्धत कापायची नाही, झाकायची आहे. फोटो पूर्ण राहतो, त्यावर आपण एक खिडकी ठेवतो आणि खिडकीतून दिसेल तेवढाच भाग बाहेर दिसतो. या खिडकीला क्लिपिंग मास्क म्हणतात.

तुमच्या गोलासाठी असं करा. इलिप्स टूल घ्या, शिफ्ट दाबून ठेवा आणि चेहऱ्यावर वर्तुळ काढा. वर्तुळ फोटोच्या वर असायला हवं, कारण सर्वांत वरची आकृती खिडकी होते. वर्तुळ आणि फोटो दोन्ही निवडा आणि कंट्रोल आणि ७ दाबा (मॅकवर कमांड आणि ७). झालं. वर्तुळाला लाल भरण असो वा जाड कड, मास्क होताक्षणी ते दोन्ही निघून जातं. गोलाला कड हवी असेल तर ती नंतर द्यायची, आधी दिलेली वाया जाते. चेहरा गोलात नीट मध्यभागी आला नाही तर डबल क्लिक करून आत जा, फक्त फोटो निवडून सरकवा आणि एस्केप दाबून बाहेर या. मास्क काढायचा तर कंट्रोल, ऑल्ट आणि ७. काढल्यावर वर्तुळ गायब झाल्यासारखं वाटेल. ते तिथेच असतं, फक्त त्याला ना भरण उरलेली असते ना कड. कंट्रोल आणि वाय दाबून आउटलाइन दृश्यात, म्हणजे फक्त रेषा दाखवणाऱ्या दृश्यात गेलात की सापडतं.

एकाऐवजी तीन-चार वर्तुळांतून एकच फोटो दाखवायचा असेल, तर आधी ती सगळी वर्तुळं निवडून कंट्रोल आणि ८ ने त्यांचा कंपाउंड पाथ (सगळ्यांचा मिळून एकच पाथ) करा, मग मास्क लावा. हे केलं नाही तर फक्त सर्वांत वरचं एक वर्तुळ खिडकी होतं, बाकीची फोटोबरोबर आत झाकली जातात आणि माणूस गोंधळतो.

आता खरोखर कापण्याविषयी. इलस्ट्रेटरमध्ये २०१७ पासून क्रॉप इमेज ही सोय आहे. फोटो निवडला की वरच्या पट्टीत किंवा प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये ते बटण दिसतं. ऑब्जेक्ट मेनूतही आहे. ही सोय चौकोनीच कापते, गोल नाही. फोटो लिंक केलेला असेल, म्हणजे फाइलच्या आत नसून नुसता डिस्कवरून जोडलेला असेल, तर प्रोग्राम त्याची प्रत फाइलच्या आत घेतो आणि ती प्रत कापतो. तुमच्या डिस्कवरचा मूळ फोटो जसाच्या तसा राहतो. कापताना पीपीआय (एका इंचात किती पिक्सेल) विचारला जातो, तिथे घाईने लहान आकडा ठेवू नका. चौकटीबाहेरचे पिक्सेल तर जातातच, पण आकडा मूळपेक्षा कमी ठेवला तर आतलेही कमी होतात.

झाकलेलं आणि कापलेलं यात पडद्यावर काडीचाही फरक दिसत नाही, पण फाइलमध्ये मोठा फरक असतो. हे मला एका कामात कळलं, आणि ती गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. एका ग्राहकाने घरगुती समारंभाचा समूहफोटो पाठवला होता, त्यातला एकच चेहरा हवा होता. मी गोल मास्क लावला आणि त्यांनी मागितली म्हणून संपादन करता येईल अशी उघडी फाइल पाठवून दिली. पुढे ज्याच्याकडे ती गेली त्याने मास्क सोडला आणि मागचे सगळे लोक, लहान मुलांसकट, समोर आले. ग्राहकाचा फोन आला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते फोटो कुणी बाहेर पाहावेत असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं, आणि ती काळजी घेणं माझं काम होतं. तेव्हापासून माणसांचा फोटो असलेली उघडी फाइल माझ्या हातून बाहेर जाण्यापूर्वी मी जास्तीचा भाग खरोखर कापतोच. पीएनजी किंवा जेपीजी काढून दिलं तर हा धोका नाही, त्यात दिसतं तेवढंच जातं. पण एसव्हीजी या व्हेक्टर फाइलमध्ये मास्कमागचा अख्खा फोटो जाऊ शकतो. पीडीएफ साठवताना इलस्ट्रेटरमध्ये संपादनाची क्षमता राखण्याची खूण चालू असेल तर पूर्ण मूळ दस्तऐवज त्या पीडीएफमध्ये बसलेला असतो.

फाइलचा आकारही यातूनच फुगतो. एसव्हीजीमध्ये आत घातलेला फोटो मजकुराच्या रूपात लिहिला जातो, त्यात दर तीन बाइटला चार अक्षरं लागतात. म्हणजे फोटो मुळापेक्षा साधारण एक तृतीयांश जड होतो, आणि त्यातला नव्वद टक्के भाग मास्कमागे लपलेला असेल तर ते सगळं ओझं फुकटचं.

एक हिशेब मात्र कापण्याआधी कराच. समजा फोटो ३००० पिक्सेल रुंद आहे. छपाईसाठी ३०० पीपीआय धरले तर तो १० इंचांपर्यंत चांगला छापला जाईल. पण तुम्हाला हवा असलेला चेहरा त्यात ६०० पिक्सेलचाच असेल, तर तो ३०० ला फक्त २ इंच येतो. तोच ओढून ६ इंच केलात तर १०० पीपीआय उरतात आणि छापल्यावर तो मऊ, धुरकट दिसतो. पडद्यावर हे कळत नाही. पीपीआय कमी न करता नुसतं कापण्याने दर्जा बिघडत नसतो, कापून झाल्यावर मोठं करण्याने बिघडतो.

कड एकदम तुटलेली नको, हळूहळू विरत जायला हवी असेल तर क्लिपिंग मास्कचा उपयोग नाही, कारण त्यात एखादा भाग दिसतो तरी किंवा दिसत नाही तरी. त्यासाठी ट्रान्सपरन्सी पॅनेलमधला ओपॅसिटी मास्क वापरा. फोटोवर पांढऱ्याकडून काळ्याकडे जाणारा ग्रेडियंट ठेवायचा, दोन्ही निवडायचे आणि मेक मास्क म्हणायचं. पांढऱ्याखालचं दिसतं, काळ्याखालचं लपतं, मधलं करडं अर्धवट. चेहऱ्याला गोल चौकट नको असेल तेव्हा मला हेच जास्त आवडतं.

इतर प्रोग्रामविषयी थोडक्यात, कारण उद्या तुम्ही बदललात तर नावं बदलतील, विचार तोच राहील. इंकस्केप मोफत आहे. त्यात ऑब्जेक्ट मेनूमध्ये क्लिप आहे आणि वरची आकृती खिडकी हा नियमही तोच. विरत जाणाऱ्या कडेसाठी तिथेच शेजारी मास्क आहे. नव्या आवृत्त्यांत उजव्या क्लिकवर क्लिपभोवतीच्या चौकोनाबाहेरचे पिक्सेल खरोखर काढून टाकण्याचीही सोय आहे. कोरलड्रॉमध्ये खिडकीला पॉवरक्लिप म्हणतात. शेप टूलने फोटोचे कोपऱ्यातले बिंदू सरकवले तरी तो कापल्यासारखा दिसतो, पण ते झाकणंच; बिटमॅप्स मेनूतलं क्रॉप बिटमॅप केल्यावरच तो कायमचा कापला जातो. कोरलमध्ये वेगळं क्रॉप टूलही आहे आणि ते फोटो व रेषा दोन्हींवर चालतं. ते वापरण्याआधी हवी ती वस्तू निवडा. काहीच निवडलेलं नसेल तर चौकटीबाहेरचं सगळंच ते उडवतं.

तुमच्या कामात मी हा क्रम ठेवला असता: फाइलची एक प्रत जपून ठेवायची, दुसऱ्या प्रतीत गोल किती इंचांचा छापायचा ते ठरवून फोटो त्या मापाला आणायचा, मग क्रॉप इमेजने चेहऱ्याभोवती थोडी मोकळी जागा सोडून चौकोनी कापायचा, आणि त्यानंतर वर्तुळाचा मास्क. ती मोकळी जागा सोडाच, नाहीतर चेहरा गोलात जरा डावीकडे घ्यायचा म्हटलं की कडेला पांढरी फट दिसायला लागते.