तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं: ताठरतेची गोळी कुणी घ्यावी, कुणी घेऊच नये

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर काम करतो. वय 47, आठ वर्षांपासून शुगर आहे. संबंधाच्या वेळी ताठरता टिकत नाही. मित्राने सिल्डेनाफिल 100 ची गोळी दिली. रात्री मटण-भाकरी आणि दोन पेग झाल्यावर ती घेतली. तासभर काहीच झालं नाही म्हणून दुसरी घेतली. मग डोकं ठणकू लागलं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. गोळी बनावट होती का?

उत्तर : गोळी खरी असली तरी हेच झालं असतं. सिल्डेनाफिल तेलकट, जड जेवणावर घेतली की रक्तात उतरायला साधारण एक तास उशीर होतो आणि जोरही कमी पडतो. तर्रीचं मटण, वर शेंगाचटणी आणि तेल, म्हणजे उशीर ठरलेलाच. दारूने ताठरता मुळातच ढिली पडते, शिवाय रक्तदाब उतरतो. गोळीही रक्तवाहिन्या सैल करून दाब उतरवते. तिचा परिणाम सुरू होण्याच्या सुमारास तुम्ही दुसरी घेतलीत, म्हणून अंधारी आली. 24 तासांत एकच गोळी आणि तीही जास्तीत जास्त 100 मिलिग्रॅम, ही मर्यादा आहे. तुम्ही 200 घेतलेत.

बहुतेकांना 50 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून देतात. पासष्टीच्या पुढे किंवा लिव्हर-किडनीचा आजार असेल तर 25 पासून. हलकं जेवून दोन तास झाल्यावर, संबंधाच्या साधारण तासभर आधी घ्यावी. परिणाम सुमारे चार तास राहतो. गोळी इच्छा निर्माण करत नाही. उत्तेजना आली की लिंगात रक्त भरायला ती मदत करते, त्यामुळे नुसती घेऊन वाट पाहत बसलं तर काही होत नाही. एकदा जमलं नाही म्हणून डोस स्वतःहून वाढवू नका. नीट पद्धतीने सहा-आठ वेळा घेतल्याशिवाय ‘लागू पडत नाही’ असं डॉक्टरही म्हणत नाहीत. टाडालाफिल नावाची दुसरी गोळी जेवणावर अवलंबून नसते, पण तिचा परिणाम 36 तासांपर्यंत राहतो. म्हणजे त्रास झाला तर तोही लांबतो. तिने कंबर आणि पाठ दुखू शकते. डोकेदुखी, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, अ‍ॅसिडिटी हे दोन्हींत होतं. सिल्डेनाफिलने काही वेळ निळसर दिसू शकतं.

आता खरा मुद्दा. शुगर असलेल्या माणसाची ताठरता जाऊ लागली, तर प्रश्न फक्त अंथरुणातला नसतो. लिंगाच्या रक्तवाहिन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबीचा थर आधी बारीक नळीत अडचण करतो, हृदयाची तक्रार त्यानंतर काही वर्षांनी वर येते. म्हणून गोळी मागायच्या आधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), बीपी आणि ईसीजी करून घ्या. सकाळी उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोनही तपासा. तंबाखू मळत असाल तर ती सोडल्याशिवाय या गोळ्यांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो. नोकरीवर कळेल या भीतीने तपासणी टाळू नका. डॉक्टरांना शुगरची आणि दारूची माहिती खरी द्या.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं वय 58. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट गोळी खिशात असते. हल्ली कुणाकडून तरी ‘जडीबुटीच्या’ कॅप्सूल आणतात. आयुर्वेदिक आहे, अपाय नाही म्हणतात. मला भीती वाटते.

उत्तर : ताई, भीती रास्त आहे. त्या कॅप्सूल आजच बंद करायला लावा. ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा मालात सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल गुपचूप मिसळलेलं वेगवेगळ्या देशांतल्या औषध तपासणीत वारंवार सापडलं आहे. पाकिटावर नाव नाही, प्रमाण तर नाहीच. अर्ध्या-पाऊण तासात ‘गुण’ येत असेल तर शंका आणखी पक्की.

सॉर्बिट्रेट हे नायट्रेट आहे. तेही रक्तवाहिन्या सैल करतं, आणि ताठरतेची गोळीही त्याच रस्त्याने करते. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जातो. हृदयरुग्णांना निकोरॅन्डिल नावाची गोळीही देतात, तीही याच कारणाने चालत नाही. घरातल्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून ती हृदयरोगतज्ज्ञांपुढे ठेवा. नायट्रेट चालू असेल तर हा मार्ग बंद, दुसरे उपाय आहेत. नायट्रेटची गरज नसेल आणि दोन जिने छातीत न दुखता चढता येत असतील, तर त्यांच्या सल्ल्याने विचार होऊ शकतो.

कॅप्सूल घेतल्यानंतर छातीत दुखलं तर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नका. सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास, टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट द्यायचं नसतं. त्यांना बसवा, 108 ला फोन करा आणि येणाऱ्या डॉक्टरांना काय घेतलं, किती वाजता घेतलं ते लगेच सांगा. तिथे लाज बाळगली तर उपचार चुकतो. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर तेही सांगा, दोन्ही मिळून दाब उतरतो.

प्रश्न : वय 26, पुढच्या महिन्यात लग्न आहे. त्रास काही नाही, पण पहिल्या रात्री फजिती नको म्हणून मित्र गोळी घ्यायला सांगतात.

उत्तर : घेऊ नका. सकाळी उठताना ताठरता येत असेल तर तुमच्या नसा आणि रक्तवाहिन्या ठीक आहेत. लग्नाच्या धावपळीत, जागरणाने पहिल्या रात्री काही घडलं नाही तर ते आजाराचं लक्षण नाही. गोळीशिवाय जमणार नाही ही समजूत मात्र मनात रुजली की काढणं कठीण जातं. बायकोशी बोला, दोन-चार दिवस जाऊ द्या.

तरीही मित्रांच्या आग्रहाला बळी पडून कुणी घेतलीच, आणि ताठरता चार तासांवर टिकली, तर आत अडकलेल्या रक्तात प्राणवायू संपतो आणि स्नायू कायमचे खराब होतात. सिव्हिलच्या अपघात विभागात रात्रीच जायचं, सकाळची वाट पाहायची नाही. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं किंवा कानाने ऐकू येईना, तर पुढची गोळी बंद आणि त्याच दिवशी तपासणी. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. मेडिकलवाला विचारल्याशिवाय देत असेल तर तिथून घेऊ नका, आणि घेताना बिल व बॅच नंबर पाहून घ्या.