स्वस्त जिन्नस कोणता म्हणावा?

प्रश्न : घरखर्चाला आळा बसावा म्हणून मी गेले काही महिने जे स्वस्त दिसेल ते भरपूर आणून ठेवते, परंतु त्यातले बरेचसे वापरण्याआधीच खराब होते आणि उरलेले त्याच त्या चवीचे खाऊन घरची मंडळी कंटाळतात. थोडक्या पैशांत अनेक प्रकारे वापरता येतील असे कोणते जिन्नस घरात ठेवावेत?

उत्तर : आपण भाव पाहून खरेदी करता, हिशेब मात्र शिजून ताटात किती पडले आणि कचऱ्याच्या डब्यात किती गेले याचा करायला हवा. स्वस्तात घेतलेली पालेभाजीची जुडी अर्धी सडली, तर ती दुप्पट भावाने पडली असे समजावे. म्हणून मी जिन्नस निवडताना दोन गोष्टी पाहते : तो किती दिवस टिकतो आणि किती रूपे घेतो.

या दोन्हींत कडधान्यांचा हात धरणारे दुसरे काही नाही. एक वाटी कोरडे चणे भिजून शिजले की अडीच ते तीन वाट्या भरतात. ते एकदाच जास्त शिजवून ठेवले, तर आज कांदा-टोमॅटोच्या रश्शात, उद्या बटाट्याबरोबर ठेचून तव्यावरच्या टिक्क्यांत आणि परवा बारीक चिरलेल्या कच्च्या कोबीत लिंबू पिळून, असे तीन दिवस त्यांची चव वेगळी लागते. ज्या पाण्यात चणे शिजले तेही ओतून देऊ नये. त्याने सूपला दाटपणा येतो आणि गार करून नेटाने फेटल्यास ते अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा फेस धरते. कडधान्यात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) भरपूर असते आणि धान्यात ते कमी पडते, त्यामुळे ही जोडी पोटाच्या दृष्टीनेही चांगली जमते.

कडधान्य शिजता शिजत नाही, अशी तक्रार नेहमी येते. ते फार जुने असणे, पाणी क्षारयुक्त असणे किंवा टोमॅटोसारखा आंबट पदार्थ आधीच घातलेला असणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. मिठाला मात्र उगाच बोल लावला जातो, कारण भिजवण्याच्या पाण्यात थोडे मीठ असेल तर साल उलट मऊ पडते. राजम्याबाबत एक सावधगिरी हवी : त्यात लेक्टिन नावाचे अपायकारक प्रथिन असते आणि राजमा अर्धकच्चा पोटात गेल्यास त्याने जोरदार उलट्या होतात, म्हणून तो किमान ५ तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात ३० मिनिटे खळखळून उकळावा आणि मगच मंद आचेवर ठेवावा.

बटाटा, कोबी आणि अंडी यांविषयी फार सांगायला नको, ते आपल्याकडे असतीलच. कांद्यापाशी मात्र थांबावेसे वाटते, कारण साध्या जेवणाला चव आणण्याचे काम तोच करतो. चार मोठे कांदे उभे पातळ चिरून, थोडे तेल आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर ठेवावेत. आधी त्यांना पाणी सुटते, मग ते पारदर्शक होतात आणि पाऊण तासाने भांड्याच्या तळाला तपकिरी थर धरू लागतो. सगळी गोडी या थरातच असते, तेव्हा दोन चमचे पाणी शिंपडून तो उलथन्याने खरवडून कांद्यात मिसळावा. भांडेभर कांद्याचा जेमतेम वाटीभर ऐवज उरतो, पण फ्रिजमध्ये तो तीन-चार दिवस टिकतो आणि चमचाभर घातला तरी नुसत्या उकडलेल्या मसुरालाही अंगची चव येते. हे काम घाईचे नाही. आच वाढवली की कांदा करपतो आणि कडवट लागतो.

प्रश्न : उरलेला भात दुसऱ्या दिवशी वापरणे योग्य आहे का?

उत्तर : योग्य आहे, पण तो रात्रभर ओट्यावर राहिलेला नसावा. तांदळातील बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. जेवण होताच भात पसरट ताटात मोकळा करावा, तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी एकदाच, चांगला वाफाळेपर्यंत गरम करावा. परतायला हा गार भातच बरा, कारण त्याची शिते सुटी राहतात.