शंभर रुपयांची सोडचिठ्ठी

"ताई, आमची सोडचिठ्ठी झालीये. आता दुसरीकडं जमवलं तर चालेल ना?"

माझ्या टेबलासमोर हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. त्या दिवशी विचारत होती आई. सव्वीस वर्षांची लेक शेजारी खाली मान घालून बसलेली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पिशवीतून शंभराचा स्टँप पेपर निघाला. त्यावर दोघांच्या सह्या, चार पंच, नोटरीचा शिक्का. 'यापुढे एकमेकांवर हक्क राहणार नाही, मुलगी पोटगी मागणार नाही.' या कागदाला तीन वर्षं झाली होती. आता चांगलं स्थळ आलं होतं आणि त्या मंडळींनी विचारलं होतं, कोर्टाचा कागद आहे का?

विचारलं हे बरंच झालं. हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न नोटरीच्या शिक्क्यानं मोडत नाही. १९५५च्या या कायद्यात रूढीनं होणाऱ्या काडीमोडीला जागा आहे, पण तशी जुनी, अखंड चालत आलेली रूढी आपल्या जातीत आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. पंचांच्या सह्या म्हणजे रूढी नव्हे. त्यामुळे कायद्याच्या नजरेत ही मुलगी अजून विवाहितच. दुसरं लग्न केलं असतं तर ते मुळातच रद्दबातल ठरलं असतं, शिवाय पहिल्या नवऱ्यानं तक्रार केली तर द्विविवाहाचा गुन्हा. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आईचा चेहरा उतरला. "कोर्टात गेलं की दहा वर्षं जातात म्हणून तर हे केलं."

मला वाटतं, हे कागद कोर्टाच्या भीतीतूनच जन्माला येतात. दोघंही राजी असतील तर रस्ता एवढा लांब नाही. १९७६पासून परस्पर संमतीनं घटस्फोट मिळतो. किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिन्यांनी पुन्हा हजर राहायचं. समेटाची आशाच उरली नसेल तर हे सहा महिनेही माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७मध्ये सांगितलं. जिथं कौटुंबिक न्यायालय नाही तिथं दिवाणी न्यायालयात काम चालतं, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला वकील मोफत मिळतो, कमाई कितीही असो. हे सांगितलं की बहुतेकांचा विश्वासच बसत नाही.

मग मी मुलीकडं वळले. पोटगीवर पाणी सोडताना तिला कुणी विचारलं होतं का?

"मला सही कर म्हणाले."

तेवढंच बोलली. कोर्टात हे असं होत नाही, म्हटलं. तिथं तुलाच विचारतील, कुणाच्या दबावाखाली आलीस का म्हणून, आणि निकाल लागेपर्यंत तुला संमती मागेही घेता येते. पोटगी नको असं लिहून दिलं म्हणून हक्क आपोआप बुडत नाही, हेही सांगितलं. तेव्हा कुठं तिनं मान वर केली आणि लग्नातल्या दागिन्यांचं विचारलं. ते अजून सासरीच होते. पुढचा पाऊण तास आम्ही त्यांची यादीच करत होतो.

नवऱ्याकडं निरोप गेला. त्यालाही दुसरं लग्न करायचंच होतं, तो लगेच तयार झाला.

उठताना आईनं तो स्टँप पेपर चुरगाळायला घेतला. "थांबा मावशी, वकिलाला दाखवा," मी म्हटलं, "तीन वर्षं दोघं वेगळे राहतायत, ते यावरच्या तारखेवरूनच दिसेल."