आईच्या खांदेदुखीसाठी एकट्याची फिजिओथेरपी घ्यावी की गटातली? (नागपूर)

तुमचा प्रश्न मला असा समजला: आईंचं वय ५६, मधुमेह आहे, उजवा खांदा चार महिन्यांपासून दुखतोय आणि धंतोलीतल्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगून फिजिओ लिहून दिलंय. प्रतापनगरात एक जण एकट्या पेशंटला वेळ देतात, एका वेळेचे ५०० रुपये. दुसऱ्या ठिकाणी सकाळी आठ-दहा जणांचा गट असतो, महिन्याचे १,५०० रुपये. स्वस्त बघायला जाऊन आईचा हात कायमचा अडकवून ठेवू की काय, ही तुमची धास्ती.

मी नागपुरातच फिजिओथेरपिस्ट आहे आणि दोन्ही पद्धतींनी काम करते. एकट्याच्या सत्रात मला जास्त पैसे मिळतात, हे आधीच सांगून टाकते. तरी माझं उत्तर असं: पहिली तपासणी आणि सुरुवातीचे दुखरे आठवडे एकट्याने काढा, रात्रीचा ठणका ओसरला की आईंना बिनधास्त गटात घाला.

असं का, ते आजार कसा चालतो यावरून कळेल. फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचं आवरण आधी सुजतं, मग जाड होऊन आक्रसतं. सुरुवातीला दुखणं फार, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. नंतर दुखणं उतरतं पण हात अडकलेलाच राहतो; अंबाडा घालता येत नाही, ब्लाऊजचे मागचे हूक लागत नाहीत. शेवटी हळूहळू सुटायला लागतं. या सगळ्याला वर्ष-दोन वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. मधुमेह असणाऱ्यांना हा आजार जास्त होतो आणि रेंगाळतोही जास्त. मे महिन्यात माझ्याकडे येणारी निम्मी मंडळी "कूलरची हवा लागली मॅडम" म्हणत येतात. बिचाऱ्या कूलरचा काही दोष नसतो. त्यात बादलीने पाणी भरायला हात उचलला की दुखणं पहिल्यांदा लक्षात येतं, एवढंच.

दुखऱ्या टप्प्यात जोर लावायचा नसतो. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा करून २००४ मध्ये एक अभ्यास छापला गेला. काहींना दुखण्याच्या मर्यादेत राहून हलका व्यायाम सांगितला होता, बाकीच्यांना सांधा जोराने ताणणारी फिजिओथेरपी दिली होती. दोन वर्षांनी हलक्या व्यायामवाल्यांपैकी ८९ टक्क्यांचा खांदा न दुखता जवळपास पहिल्यासारखा झाला होता, जोरवाल्यांपैकी ६३ टक्क्यांचा. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, म्हणून आकडे थोडे सांभाळून घ्यावेत. पण "ओरडू दे, सुटल्याशिवाय राहत नाही" म्हणत हात मुरगाळणारे आपल्याकडे आजही आहेत, म्हणून मी हा अभ्यास प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना सांगते. आता गटाचं बघा. तिथे व्यायामाचा ठेका सगळ्यांना एकच असतो. शेजारणीचा हात कानापर्यंत गेलेला दिसला की आपल्या आयाही दात-ओठ खाऊन हात ओढतात, आणि मग रात्रभर जागतात. सुरुवातीला एकट्याने जा म्हणते ते यासाठी.

नंतर मात्र गट कमी पडत नाही. इंग्लंडमध्ये फ्रोझन शोल्डरच्या ७५ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०१४ मध्ये छापला गेला. तिथे चिठ्ठ्या टाकून तीन वाटण्या केल्या होत्या: दवाखान्यातला व्यायामवर्ग, एकट्याची फिजिओथेरपी आणि नुसता घरचा व्यायाम. सगळ्यात लवकर सुधारले ते वर्गातले. अभ्यास छोटा आहे, त्यावरून गटच श्रेष्ठ असं मी म्हणणार नाही. पण पाठ, गुडघे, खांदे अशा सगळ्या दुखण्यांवरचे असे अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये आढावा घेतला गेला, त्यातही गट आणि एकटा यांत पेशंटला जाणवेल असा फरक निघाला नाही.

याचं कारण माझ्या खोलीत मला रोज दिसतं. आम्ही भिंतीवर बोटांनी हात चढवायला लावतो आणि पोचेल तिथे पेन्सिलने खूण करतो. मग बायकांचं सुरू होतं, "तुमचा कुठवर आला?" दोन महिने आधी आलेली कुणी म्हणते, "मलाही असंच होत होतं, आता अंबाडा घालता येतो." मी कितीही समजावलं तरी तेवढा विश्वास बसत नाही. शिवाय एक दिवस दांडी मारली की दुसऱ्या दिवशी चार जणी विचारतात. फ्रोझन शोल्डरमध्ये व्यायाम महिनोन् महिने चालू ठेवणं हाच खरा कस असतो, आणि एकट्याने येणारा पेशंट कंटाळून सोडतो तो इथेच.

पैशाचा हिशेबही याला जोडूनच आहे. आठवड्यातून तीनदा ५०० म्हटलं तर महिन्याचे ६,००० होतात. दुसऱ्या महिन्यात घरात कुरकुर सुरू होते, तिसऱ्यात फिजिओ बंद, आणि आजार तर अजून अर्ध्यावरही आलेला नसतो. त्यापेक्षा सुरुवातीला मोजकी सत्रं एकट्याची घ्या, मग गट, आणि मधूनमधून पुन्हा एकदा वेगळी तपासणी. तेही जड जात असेल तर मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, फिजिओथेरपीचा विभाग आहे. तिथे सकाळ मोडते, पण काम होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "एकट्याचं" आणि "गटाचं" या पाट्यांवर जाऊ नका, आत काय चालतं ते बघा. पडदे लावलेले पाच पलंग, प्रत्येकावर एक पेशंट, खांद्यावर मशीन, अटेंडंट येऊन वेळ लावून जातो: याला काही ठिकाणी एकट्याची फिजिओथेरपी म्हणतात आणि काही ठिकाणी गटाची. मी याला रांग म्हणते. शेकाने आणि मशीनने थोडा वेळ बरं वाटतं, व्यायामाआधी शेक घेतला तर माझी हरकत नाही. पण नुसत्या अल्ट्रासाउंडच्या (ध्वनिलहरींच्या) मशीनने आखडलेला खांदा सुटतो, याला भक्कम पुरावा नाही. ५०० रुपयांतली वीस मिनिटं मशीनची आणि पाच मिनिटं माणसाची असतील, तर ते एकट्याचं सत्र घेण्यात अर्थ नाही.

गटाच्या ठिकाणी एक दिवस नुसतं बसून बघा. पहिल्या दिवशी प्रत्येकाची वेगळी तपासणी करून हात किती अंशांत फिरतो ते लिहून ठेवतात का? खांद्याचेच पेशंट आहेत की गुडघे, कंबर, मान सगळी एकत्र कोंबली आहेत? दहा जणांमागे बघणारा एकच असेल तर तो फिरून हात लावून दुरुस्त करतो का, की समोर उभा राहून नुसते आकडे मोजतो? पुली, काठी, शोल्डर व्हील (हाताने फिरवायचं चाक), थेराबँड (ताणायची रबरी पट्टी) यांतलं आज आपल्याला काय करायचं, हे प्रत्येकाला वेगळं सांगितलेलं असायला हवं. आणि एक बारीक गोष्ट: आई साडी नेसत असतील आणि गटात पुरुष असतील, तर त्या संकोचून हात अर्धाच उचलतील. बायकांची वेगळी वेळ आहे का, ते विचारून घ्या.

निदानाबद्दल थोडं. आईंचं कोपर कमरेला टेकवून काटकोनात दुमडा आणि त्यांनी हात सैल सोडला असताना पंजा हळूच बाहेरच्या बाजूला वळवून बघा. तुम्ही वळवूनही दुसऱ्या हातापेक्षा फारच कमी जात असेल, तर फ्रोझन शोल्डर जुळतं. तुम्ही वळवला तर जातो पण त्यांना स्वतःहून उचलायला दुखतं, असं असेल तर खांद्याभोवतीच्या स्नायूंचं (रोटेटर कफचं) दुखणं असू शकतं; डॉक्टरांना पुन्हा विचारा. त्याचा हिशेब निराळा आहे. ब्रिटनमध्ये अशा ७०८ रुग्णांवरचा अभ्यास २०२१ मध्ये आला. फिजिओथेरपिस्टने एकदाच नीट बसून व्यायाम समजावलेले लोक आणि सहा सत्रांपर्यंत बोलावलेले लोक, दोघांना वर्षभरात सारखाच आराम पडला होता.

पडून खांद्याला मार लागल्यावर हात उचलणंच बंद झालं असेल, ऑपरेशन झालेलं असेल, किंवा मानेपासून बोटांपर्यंत मुंग्या येत असतील, तर गटात जायचं नाही. ताप आणि खांदा लाल-गरम असेल, किंवा खांद्यासोबत छातीत जड वाटून घाम येत असेल, तर फिजिओकडेही नाही, थेट दवाखान्यात. मधुमेहात हृदयाचं दुखणं नेहमीसारखं जाणवेलच असं नसतं.

डॉक्टरांनी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर घाबरून नाही म्हणू नका. दुखऱ्या टप्प्यात त्याने आराम पडतो आणि व्यायाम करता येतो. फक्त त्यानंतर काही दिवस साखर चढते, तेव्हा घरी मोजत राहा आणि गोळ्यांचं आधीच विचारून ठेवा. झोपताना दुखऱ्या हाताखाली उशी द्या. आणि गट सकाळचा असेल तर आईंना गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी पाठवू नका. काही खाऊनच जाऊ दे, आणि पर्समध्ये साखरेची पुडी असू दे.